व्याजाचा दर खाली का राहतो? : जपानचा अनुभव आणि धोरणविषयक धडे

प्राथमिक शाळेतील सरळव्याजाच्या उदाहरणात मुद्दल, मुदत आणि दर या तीन गोष्टी दिलेल्या असतात व विद्यार्थ्याने व्याज काढावयाचे असते. दर साल दर शेकडा ६ किंवा ८ असा दर उदाहरणात लिहिलेला असतो. तो ६ च का, ८ का नाही आणि एखाद्या देशात तो शून्य का, हा प्रश्न शाळेत विचारला जात नाही. व्यवहारात मात्र हाच प्रश्न महत्त्वाचा ठरतो. शेतकऱ्याचे पीककर्ज, निवृत्त शिक्षकाची मुदत ठेव, नगरपालिकेची पाणीपुरवठा योजना आणि शासनाचे कर्जरोखे या सर्वांचे गणित त्या एका आकड्यावर अवलंबून असते.

व्याजाचा दर कमी असणे ही चांगली गोष्ट होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. दर उतरला की कर्ज स्वस्त होते. कर्ज स्वस्त झाले की कारखाने निघतात, विहिरी खोदल्या जातात, घरे बांधली जातात आणि रोजगार वाढतो. ही विचारसरणी चुकीची नाही, परंतु ती अपुरी आहे. तिचे अपुरेपण जपानच्या अलीकडच्या आर्थिक इतिहासावरून जितके स्पष्ट होते, तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या देशाच्या इतिहासावरून होईल. जगातील या अत्यंत प्रगत औद्योगिक देशात सप्टेंबर १९९५ पासून मार्च २०२४ पर्यंत मध्यवर्ती बँकेचा अल्पमुदतीचा दर अर्ध्या टक्क्याच्या वर गेला नाही. काही काळ तर तो शून्याच्याही खाली होता. तरीही कर्ज घेण्यासाठी उद्योजकांची रीघ लागली नाही. असे का घडले, याचा विचार धोरण आखणाऱ्यांप्रमाणेच ते अंमलात आणणाऱ्यांनीही करणे अगत्याचे आहे.

दर्शनी दर आणि वास्तव दर

या विषयाचा विचार करताना आरंभीच एक भेद लक्षात घ्यावा लागतो. बँकेच्या फलकावर लिहिलेला दर हा दर्शनी दर होय. त्यातून भाववाढीचा दर वजा केला म्हणजे जो उरतो तो वास्तव दर. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ आयर्व्हिंग फिशर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा भेद विस्ताराने मांडला.

समजा, एका शेतकऱ्याने ७ टक्के दराने १०,००० रुपये एका वर्षासाठी घेतले. वर्षअखेर त्याला १०,७०० रुपये परत करावयाचे आहेत. त्या वर्षात सर्व वस्तूंचे भाव ६ टक्क्यांनी वाढले असतील, तर जो माल १०,००० रुपयांत मिळत होता त्याला आता १०,६०० रुपये पडतात. म्हणजे कर्जाचा खरा भार सुमारे १०० रुपयांचा, शेकडा १ एवढाच आहे. आता दुसऱ्या देशात व्याजाचा दर शून्य आहे, परंतु भाव वर्षात १ टक्क्याने उतरले आहेत, अशी कल्पना करावी. तेथे १०,००० घेणारा १०,००० च परत करतो. पण तेवढ्यासाठी त्याला पूर्वीपेक्षा शेकडा १ अधिक माल विकावा लागतो. म्हणजे त्याच्याही कर्जाचा खरा भार शेकडा १ च झाला. एकीकडे सात आणि दुसरीकडे शून्य असे आकडे दिसत असले, तरी दोघांच्या खांद्यावरील ओझे जवळजवळ सारखे आहे.

म्हणून केवळ दर्शनी दर पाहून कर्ज स्वस्त की महाग हे ठरविता येत नाही. भाववाढीचा वेग उतरत गेला की दर्शनी दरही उतरतो, आणि दर खाली राहण्याचे हे पहिले कारण होय. मात्र जपानमध्ये दर्शनी दराबरोबर वास्तव दरही दीर्घकाळ खाली राहिला. त्याची कारणे अधिक खोलवर आहेत.

जपानमधील घटनाक्रम

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने केलेली औद्योगिक प्रगती सर्वश्रुत आहे. निर्यात हा त्या प्रगतीचा मुख्य आधार होता. सप्टेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्क येथे पाच प्रमुख औद्योगिक देशांत जो समझोता झाला, त्यानंतर येनचे मूल्य झपाट्याने वाढले. एका डॉलरला सुमारे २४० येन पडत होते, ते १९८८ च्या अखेरीस सुमारे १२५ वर आले. निर्यातीला बसणारा धक्का सौम्य व्हावा म्हणून बँक ऑफ जपानने आपला अधिकृत दर टप्प्याटप्प्याने उतरवून फेब्रुवारी १९८७ मध्ये २.५ टक्क्यांवर आणला.

स्वस्त झालेला हा पैसा मोठ्या प्रमाणावर जमिनी आणि शेअर यांच्या खरेदीकडे वळला. त्यामागील गणित साधे आहे. एखाद्या जमिनीपासून वर्षाला कायम १,००० रुपये उत्पन्न मिळत असेल आणि व्याजाचा दर १० टक्के असेल, तर त्या जमिनीची किंमत सुमारे १०,००० रुपये होते. कारण तेवढी रक्कम व्याजाने लावली असता तेवढेच उत्पन्न येते. दर ५ टक्के झाला तर किंमत २०,००० आणि २ टक्के झाला तर ५०,००० रुपये होते. जमिनीत एक दाणाही अधिक पिकलेला नसताना तिची किंमत पाचपट होते. त्यात उद्या भाव आणखी चढेल ही आशा मिसळली म्हणजे किमतीला धरबंध राहत नाही. जपानमध्ये तसेच घडले. डिसेंबर १९८९ च्या अखेरीस तोकियो शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक ३८,९१५ वर पोहोचला.

मे १९८९ पासून बँक ऑफ जपानने दर वाढविण्यास सुरुवात केली आणि ऑगस्ट १९९० पर्यंत तो ६ टक्क्यांवर नेला. प्रथम शेअर आणि त्यामागोमाग जमिनी यांचे भाव कोसळले. जमीन तारण ठेवून कर्ज घेतलेल्या कंपन्यांची तारणे आटली. कर्जे मात्र जशीच्या तशी उभी राहिली. बँकांची येणी थकली. नोव्हेंबर १९९७ मध्ये होक्काइदो ताकुशोकु ही बँक आणि यामाइची ही रोख्यांचा व्यवहार करणारी मोठी संस्था या दोन्ही बंद पडल्या.

दरम्यान दर उतरत होता. सप्टेंबर १९९५ मध्ये तो ०.५ टक्का आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये जवळजवळ शून्य झाला. ऑगस्ट २००० मध्ये तो थोडा वर नेण्यात आला. पण अर्थव्यवस्था पुन्हा मंदावली आणि मार्च २००१ मध्ये माघार घ्यावी लागली. २००६ आणि २००७ मध्ये तो पुन्हा ०.५ टक्क्यापर्यंत चढविण्यात आला आणि २००८ च्या जागतिक वित्तसंकटात पुन्हा खाली आला. जानेवारी २०१६ मध्ये तर उणे ०.१ टक्का दर जाहीर करण्यात आला. व्यापारी बँका बँक ऑफ जपानकडे ज्या राखीव रकमा ठेवतात, त्यांच्या काही भागावर बँकांना व्याज मिळण्याऐवजी उलट आकार द्यावा लागू लागला. पैसे निष्क्रिय पडून राहू नयेत, ते कर्जरूपाने बाहेर पडावेत, हा त्यामागील हेतू होता.

दर खाली राहण्याची कारणे

व्याज ही एका अर्थाने किंमत आहे. समाजातील काही लोक बचत करतात आणि काही लोक ती बचत उद्योगात गुंतवू इच्छितात. बचत मुबलक आणि गुंतवणुकीची मागणी कमी असेल तर ही किंमत उतरते. बचत अपुरी आणि मागणी जास्त असेल तर ती चढते. स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ क्नुट विक्सेल यांनी १८९८ मध्ये अशी मांडणी केली की, प्रत्येक अर्थव्यवस्थेत त्या त्या काळी एक नैसर्गिक दर असतो. त्या दराला बचत आणि गुंतवणूक यांचा मेळ बसतो व भाव स्थिर राहतात. मध्यवर्ती बँकेने आपला दर नैसर्गिक दरापेक्षा खाली ठेवला तर भाववाढ होते. वर ठेवला तर मंदी येते. हा नैसर्गिक दर कोणत्याही फलकावर लिहिलेला नसतो. तो परिणामांवरून ओळखावा लागतो.

जपानमध्ये हा नैसर्गिक दरच खाली गेला, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. त्याची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

पहिले कारण उद्योगसंस्थांच्या वर्तनातील बदल हे होय. सामान्यतः घरे बचत करतात आणि कंपन्या ती उसनी घेतात. जपानमध्ये १९९८ च्या सुमारापासून कंपन्या स्वतःच बचत करणाऱ्या झाल्या. मिळालेला नफा नवीन यंत्रसामग्रीत घालण्याऐवजी जुने कर्ज फेडण्याकडे त्यांचा कल राहिला. ज्याचे घर कर्जात बुडता बुडता वाचले आहे, तो मनुष्य फुकट मिळणारे कर्जही घेत नाही. कर्ज घेणाराच उरला नाही, तर दर शून्यावर आणूनही बाजारात मागणी निर्माण होत नाही.

दुसरे कारण लोकसंख्येचे. जपानमधील १५ ते ६४ या वयोगटातील लोकांची संख्या १९९५ च्या सुमारास ८.७ कोटी ही उच्चतम संख्या गाठून घटू लागली. ६५ वर्षांवरील लोकांचे प्रमाण आज एकूण लोकसंख्येच्या सुमारे २९ टक्के आहे. काम करणारे हात कमी होत असतील, तर नवीन कारखाने, नवीन घरे आणि नवीन शाळा यांची गरजही कमी होते. त्याच वेळी मध्यम वयाचे लोक वृद्धापकाळाच्या चिंतेने अधिक बचत करतात. म्हणजे एका बाजूने बचत वाढते आणि दुसऱ्या बाजूने तिचा उपयोग घटतो.

तिसरे कारण भावघटीची सवय. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून जपानमध्ये भाव स्थिर राहू लागले किंवा किंचित उतरू लागले. भाव आणि वेतन वाढावयाचेच नाहीत, अशी लोकांची खात्री झाली. मालकांनी वेतन वाढविले नाही, कामगारांनी ते आग्रहाने मागितले नाही आणि दुकानदारांनी भाव चढविले नाहीत. अशा स्थितीत दर्शनी दर शून्य असूनही वास्तव दर शून्याच्या वरच राहतो आणि मध्यवर्ती बँकेला तो आणखी खाली नेता येत नाही.

चौथे कारण जगभरचे आहे. दर खाली येण्याची ही प्रक्रिया जपानपुरती मर्यादित नव्हती. अमेरिकेच्या दहा वर्षे मुदतीच्या सरकारी रोख्यांवरील उत्पन्न १९८१ मध्ये १५ टक्क्यांच्या वर होते. २०२० मध्ये ते १ टक्क्याच्याही खाली गेले. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे त्या वेळचे एक नियामक बेन बर्नान्के यांनी २००५ मध्ये याचा संबंध जगातील बचतीच्या अतिरेकाशी जोडला. विशेषतः आशियाई आणि तेल निर्यात करणाऱ्या देशांची बचत सुरक्षित रोख्यांच्या शोधात अमेरिकेकडे वाहत होती. २०१३ मध्ये लॉरेन्स समर्स यांनी दीर्घकालीन मरगळीची जुनी कल्पना पुन्हा पुढे आणली. अल्व्हिन हॅन्सन यांनी ती १९३८ मध्ये, महामंदीच्या काळात, मांडली होती. लोकसंख्यावाढ मंदावली आणि भांडवल खाऊन टाकणारे नवे शोध लागले नाहीत, तर गुंतवणूक बचतीला पुरी पडत नाही, हे तिचे सार होय.

या चारही कारणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. जपानमधील अल्प दर ही मध्यवर्ती बँकेने उद्योगांना दिलेली देणगी नव्हती. शरीराचे तापमान उतरले म्हणजे तापमापकातील पारा उतरतो, तसा तो अर्थव्यवस्थेच्या स्थितीचा निदर्शक होता.

शासनाची तिजोरी आणि सार्वजनिक कामे

मध्यवर्ती बँकेचे मुख्य हत्यार बोथट झाल्यावर मागणी टिकवून धरण्याची जबाबदारी शासनाच्या तिजोरीवर येते. खाजगी क्षेत्र कर्ज घेत नसेल तर ती पडून असलेली बचत शासनाने कर्जाऊ घ्यावी आणि कामाला लावावी, हा विचार तर्काला धरून आहे. जपानने १९९० नंतर तेच केले. रस्ते, पूल, बंदरे, धरणे अशा कामांचे कार्यक्रम एकापाठोपाठ हाती घेण्यात आले. त्यामुळे बेकारी आटोक्यात राहिली आणि महामंदीसारखी स्थिती टळली, हे मान्य करावे लागते.

परंतु या कार्यक्रमांची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. पैसा स्वस्त आहे म्हणून जे काम काढले जाते, ते उपयुक्त असेलच असे नाही. होन्शू व शिकोकू या बेटांना जोडण्यासाठी पुलांचे तीन स्वतंत्र मार्ग उभारण्यात आले. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ते अद्वितीय ठरले. परंतु त्यांवरील रहदारी अंदाजाएवढी झाली नाही आणि त्यांच्या कर्जाचा काही भाग शेवटी राष्ट्रीय तिजोरीला उचलावा लागला. दर शून्य असला तरी मुद्दल फेडावेच लागते.

याच्या उलट चूकही घडली. एप्रिल १९९७ मध्ये अर्थव्यवस्था नुकतीच सावरू लागली असताना उपभोगकर ३ वरून ५ टक्के करण्यात आला. त्याच वर्षी आशियाई वित्तसंकट आले आणि पुढील वर्षी उत्पादन घटले. मागणी दुर्बळ असताना काटकसरीची घाई करणे धोक्याचे असते, असा निष्कर्ष अनेकांनी त्यावरून काढला.

जपानी शासनाचे एकूण कर्ज पुढे राष्ट्रीय उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक झाले. एवढे ओझे दीर्घकाळ पेलता आले, याचे कारण त्यावरील व्याज अत्यल्प होते. येथे एक गणित उपयोगी पडते. कर्जाचा दर राष्ट्रीय उत्पन्नाच्या वाढीच्या दरापेक्षा कमी असेल, तर व्याजापुरते नवे कर्ज काढूनही उत्पन्नाशी असलेले कर्जाचे प्रमाण हळूहळू घटते. दर वाढीच्या पुढे गेला तर तेच प्रमाण वाढत जाते. कर्ज उत्पन्नाच्या दुप्पट असेल, तर जुने रोखे नव्या दराने बदलले जाता जाता, दरातील १ टक्क्याची वाढ अखेरीस राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ टक्क्यांएवढा नवा खर्च निर्माण करते. म्हणून अल्प दराच्या काळात घेतलेल्या कर्जाची कसोटी दर चढल्यावर लागते.

ठेवीदाराची बाजू

कर्जदाराचा लाभ मोजताना ठेवीदाराचा विसर पडू नये. २०१६ पासून मार्च २०२४ पर्यंत जपानमधील मोठ्या बँकांचा साध्या बचत खात्यावरील दर ०.००१ टक्का एवढा होता. म्हणजे दहा लाख येन वर्षभर ठेवले असता मिळणारे व्याज केवळ १० येन. आयुष्यभराच्या बचतीच्या व्याजावर म्हातारपण काढण्याची कल्पना ज्यांनी केली होती, त्यांना मुद्दलालाच हात घालावा लागला किंवा उतारवयात पुन्हा काम शोधावे लागले. त्यातून आणखी एक गुंतागुंत निर्माण होते. व्याजाचे उत्पन्न कमी झाले की निवृत्तीसाठी अधिक रक्कम साठवावी लागते. लोक खर्च आणखी आखडता घेतात आणि ज्या मागणीसाठी दर उतरविला तीच आणखी मंदावते. शिवाय जमिनी आणि शेअर ज्यांच्याकडे आहेत त्यांची मालमत्ता अल्प दराने फुगते. ज्यांच्याकडे केवळ बँकेतील ठेव आहे ते मागे राहतात.

चक्र फिरले

२०२१-२२ मध्ये चित्र पालटले. कोविड साथीच्या काळात शासनांनी केलेला खर्च, विस्कळीत झालेले पुरवठे आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये सुरू झालेले युद्ध यांमुळे जगभर भाववाढ झाली. जून २०२२ मध्ये अमेरिकेत तिने ९.१ टक्के हा आकडा गाठला. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने मार्च २०२२ ते जुलै २०२३ या अवघ्या सोळा महिन्यांत आपला दर जवळजवळ शून्यावरून ५.२५ ते ५.५ टक्क्यांवर नेला. भारतात रिझर्व्ह बँकेने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५ टक्के केला.

जपाननेही अखेर पाऊल उचलले. २०२२ पासून तेथील भाववाढ २ टक्क्यांच्या उद्दिष्टापलीकडे गेली आणि २०२४ च्या वेतनवाटाघाटींत सरासरी ५ टक्क्यांहून अधिक वाढ मान्य झाली. मार्च २०२४ मध्ये उणे दर संपुष्टात आला. २००७ नंतरची ती पहिली दरवाढ होती. जानेवारी २०२५ मध्ये दर ०.५ टक्का झाला. या घटनांवरून एवढे निश्चित म्हणता येते की, अल्प दर कायमचे राहतील असे गृहीत धरून कोणतीही दीर्घ मुदतीची योजना आखता येत नाही.

महाराष्ट्राच्या संदर्भात

जपानच्या अनुभवाचा महाराष्ट्राशी संबंध दोन प्रकारांनी येतो. पहिला प्रत्यक्ष आहे. ज्या देशात पैसा कामाच्या शोधात असतो, तेथून तो बाहेर जातो. डिसेंबर २०१५ मध्ये भारत आणि जपान यांच्यात झालेल्या करारानुसार मुंबई-अहमदाबाद अतिवेगवान रेल्वेमार्गाच्या सुमारे ८१ टक्के खर्चासाठी ०.१ टक्का दराने, ५० वर्षांच्या मुदतीने कर्ज देण्याचे ठरले. त्यात पहिली १५ वर्षे परतफेडीची सूट आहे. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला मुंबई व नवी मुंबई यांना जोडणारा अटल सेतूही जपानी कर्जाच्या साहाय्याने उभा राहिला. असे कर्ज निश्चितच सवलतीचे आहे. तथापि त्याची परतफेड येनमध्ये असते. येन रुपयाच्या तुलनेत दरवर्षी केवळ २ टक्क्यांनी महागला, तर ३५ वर्षांत शिल्लक मुद्दलाचे रुपयांतील मूल्य दुप्पट होते. २०१२ नंतरच्या दशकात येन घसरला, ही गोष्ट कर्जदाराच्या पथ्यावर पडली. १९८५ नंतर नेमके उलट घडले होते. म्हणून परकीय चलनातील कर्जाचा दर वाचताना चलनाच्या मूल्याचाही विचार करावा लागतो.

दुसरा संबंध तुलनेचा आहे. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाचा पूर्वेतिहास हा चढ्या व्याजाचा इतिहास आहे. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि कर्जखते जाळली. १८७९ चा दख्खनमधील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा त्यातून आला. पुढे १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. तरीही १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपुरवठा पाहणीत सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३ टक्क्यांच्या आसपास आढळला. येथे भांडवल दुर्मिळ होते, गरजू अगणित होते आणि धोका मोठा होता. म्हणून दर चढा होता. केवळ कायद्याने तो उतरला नाही. सहकारी संस्था, १९६९ चे बँकांचे राष्ट्रीयीकरण आणि खेड्यापर्यंत पोहोचलेल्या शाखा यांतून पर्यायी पतपुरवठा उभा राहिला, तेव्हा सावकाराची पकड ढिली झाली.

आज महाराष्ट्रातील शेतकऱ्यालाही शून्य टक्के हा आकडा परिचयाचा आहे. केंद्र शासनाच्या व्याज सवलतीला डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेची जोड देऊन, तीन लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला २०२१-२२ पासून शून्य टक्के दर लागू करण्यात आला. परंतु हे शून्य आणि जपानचे शून्य यांत मूलभूत फरक आहे. जपानमध्ये बचत अधिक आणि कर्जदार कमी, म्हणून दर शून्य झाला. येथे कर्जाची गरज मोठी आहे आणि दराचा भार शासनाने, म्हणजे करदात्याने, आपल्या शिरावर घेतला आहे. पहिले शून्य बाजारातून आले, दुसरे अर्थसंकल्पातून. म्हणून दुसऱ्याचे समर्थन सामाजिक न्यायाच्या आणि शेतीतील धोक्याच्या आधारे करावयाचे असते; त्यासाठी तरतूद वेळेवर व्हावी लागते आणि लाभ खऱ्या गरजूपर्यंत पोहोचतो की नाही हे पाहावे लागते. भूमिहीन कुळाला व बटाईने शेती करणाऱ्याला नावावर जमीन नसल्यामुळे बँकेचे दार अनेकदा उघडत नाही. ज्याला कर्जच मिळत नाही, त्याच्या दृष्टीने दर शून्य असला काय आणि सात असला काय, फरक पडत नाही.

एका बाबतीत मात्र जपानचा अनुभव महाराष्ट्राला भविष्याची सूचना देणारा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्याचा एकूण जननदर १.७ आढळला. लोकसंख्या स्थिर राहण्यास सुमारे २.१ चा दर लागतो. म्हणजे पुढील काही दशकांत येथेही वृद्धांचे प्रमाण वाढणार, हे उघड आहे. काम करणाऱ्या हातांची संख्या मोठी असण्याचा हा काळ मर्यादित आहे. या काळातील बचत शिक्षण, सिंचन, आरोग्य आणि उद्योग यांत गुंतविली गेली, तरच पुढील पिढीला वृद्धांचा भार पेलता येईल.

समारोप

जपानच्या अनुभवावरून धोरणासाठी तीन प्रश्न हाती येतात. दर कमी आहे, तो कशामुळे? भाववाढ आटोक्यात आल्यामुळे, बचत वाढल्यामुळे, मागणी खचल्यामुळे की शासनाने फरक भरल्यामुळे? प्रत्येक कारणावरील उपाय निराळा आहे. दुसरा प्रश्न, त्याची किंमत कोण देतो? ठेवीदार, करदाता की पुढील पिढी? आणि तिसरा, स्वस्त मिळालेल्या पैशातून जे काम उभे राहणार, ते दर चढल्यावरही आपला खर्च भरून काढण्याइतके किंवा लोकांच्या जीवनात तेवढी भर घालण्याइतके उपयुक्त आहे काय?

हे प्रश्न केवळ मुंबईतील मंत्रालयाचे किंवा रिझर्व्ह बँकेचे नाहीत. ग्रामपंचायत पाणीयोजनेसाठी कर्ज काढते, सहकारी सोसायटी ठेवी गोळा करते, जिल्हा परिषद आपली शिल्लक बँकेत ठेवते, तेव्हा प्रत्येक ठिकाणी ते उपस्थित होतात. सभेपुढे कर्जाचा ठराव आला असता सदस्य प्रथम दर विचारतात, ते योग्यच आहे. त्याबरोबर योजना पूर्ण झाल्यावर पाणीपट्टी किती वसूल होईल, पंपाचे वीजबिल कोण भरेल आणि हप्ता चुकल्यास भार कोणावर पडेल, हेही विचारले गेले पाहिजे. दर कितीही खाली असला तरी या तीन गोष्टींची उत्तरे ठरावाच्या टिपणीत लिहिलेली असावीत.